गौतमीपुत्र सातकर्णी : नाण्यांवर उमटलेला विजय

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, सातवाहनांचा धडा आला की मुलं राजांची नावं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. गौतमीपुत्र सातकर्णी मात्र लक्षात राहू शकतो, कारण त्याच्या विजयाचा पुरावा हातात धरता येतो.

गौतमी बलश्री या आईच्या नावाने हा राजा ओळखला जातो. त्याच्या काळी नाशिक, जुन्नर, कार्ले हा मुलूख नहपान या क्षत्रपाच्या ताब्यात होता. बंदरांकडे जाणारे घाट गेले म्हणजे व्यापारही गेला.

आता नहपानाचं चांदीचं नाणं पाहा. भडोच बंदरात मिनँडर वगैरे ग्रीक राजांची जुनी नाणी चालत असत. नहपानाने तोच घाट उचलला. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. गंमत म्हणजे लिपी ग्रीक, पण भाषा प्राकृत! मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लेख.

राज्याच्या १८व्या वर्षी गौतमीपुत्राने नाशिकच्या लेण्यातील भिक्षूंना शेत दान दिलं. ते आधी नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे होतं, असं तिथल्या शिलालेखातून कळतं. म्हणजे तोवर हा मुलूख परत मिळाला होता.

मग नहपानाच्या नाण्यांचं काय? गौतमीपुत्राने ती तशीच घेऊन त्यांवर आपला ठसा मारला. एकीकडे कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर असा दुसरा ठसा आहे. खाली नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं अर्धवट दिसतातच. चांदी तीच, वजन तेच. बदलला तो राजा.

पुढे नातू पुलुमावीच्या १९व्या वर्षी गौतमी बलश्रीने नाशिकला लेणं दान केलं आणि त्यात आपल्या मुलाचा पराक्रम कोरवून घेतला. तेव्हा मुलगा हयात नव्हता. पुलुमावीनेही स्वतःचा चेहरा असलेली चांदीची नाणी पाडली. शत्रू हरला, पण त्याची पद्धत टिकली!

वर्गात एक करून बघा. मातीच्या चकतीवर एक ठसा उमटवा, त्यावर दुसरा. मग मुलांना विचारा, आधी कोण आणि नंतर कोण? नागपूरकरांनो, अजब बंगल्यात गेलात तर जुन्या नाण्यांपाशी मुलांना जरा थांबवा. इतिहास कसा वाचायचा, हे ती तिथेच शिकतील.