दार लपवलं म्हणजे सुरक्षित झालं? कुलूपवाल्या अर्देशीर गोदरेज यांची गोष्ट

आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी फर्निचरचं काम काढलं होतं. पॅसेजच्या भिंतीला लाकडी पॅनेलिंग करायचं आणि स्टोअररूमचं दार त्यातच असं बसवायचं की तिथे दार आहे हे कळूच नये, ही बाबांची आयडिया. हँडल नाही, चौकट नाही, बाहेरून बिजागरी दिसत नाही. ढकललं की उघडतं. आईचे दागिने आणि घराचे कागद त्या खोलीत एका पत्र्याच्या पेटीत राहणार होते. बाबांचं लॉजिक सोपं होतं: दारच दिसलं नाही तर चोर जाणार कुठे?

तीन महिन्यांनी शेजारची आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे खेळायला आली. पॅसेजमध्ये थांबली, खाली टाइलकडे बोट दाखवलं आणि विचारलं की या भिंतीत दार का आहे. टाइलवर पाव वर्तुळाचा बारीक ओरखडा पडला होता. दार लोंबलं होतं, आणि रोज उघडताना स्वतःचा नकाशा स्वतःच जमिनीवर काढत होतं.

त्या दिवसापासून मी बिजागऱ्यांच्या मागे लागलो. शोधता शोधता एका माणसापर्यंत पोचलो, ज्याचं आडनाव आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या कपाटावर कधी ना कधी होतं. पण आधी दार का लोंबलं ते समजून घेऊ.

बिजागरीवर नेमका किती भार येतो?

आमचं दार पॅनेल धरून साधारण ४० किलोचं. रुंदी ३ फूट, म्हणजे वजनाचा मध्य बिजागरीपासून दीड फूट लांब. वरच्या आणि खालच्या बिजागरीत ६ फुटांचं अंतर. आता ४० गुणिले दीड, भागिले ६. उत्तर १०. म्हणजे ४० किलोचं वजन खाली जातंच, शिवाय वरच्या बिजागरीला दार सतत १० किलोच्या जोराने बाहेर ओढतं आणि खालच्या बिजागरीला तितक्याच जोराने आत दाबतं. हा सगळा ताण शेवटी प्लायमध्ये घुसलेल्या चार-सहा स्क्रूंवर येतो. स्क्रू सैल होत गेले की तीन फूट लांबच्या टोकाला दार खाली येतं.

लपवलेल्या दाराला हे अजिबात परवडत नाही, कारण त्याची फट जेमतेम ३ मिलीमीटरची असते. फट मोठी ठेवली तर दार दिसतं, लहान ठेवली तर घासतं. म्हणून अशा दारांना बाजूच्या बिजागरीऐवजी पिव्होट लावतात. दाराच्या खाली एक खुंटी, वर एक खुंटी. जात्याचा खुंटा आठवा. किल्ल्यांची आणि जुन्या वाड्यांची अवाढव्य दारं दगडात कोरलेल्या खळग्यांत फिरायची, तीच ही रीत. वजन स्क्रूवर न लटकता सरळ जमिनीत जातं. वरच्या खुंटीवर बाजूचा ओढा राहतो, पण अक्ष कडेपासून ३ इंच आत घेतला आणि दोन खुंट्यांमध्ये ७ फूट मिळाले, तर तो १० किलोवरून साधारण ७ वर येतो. बदल्यात एक काळजी घ्यावी लागते: दार उघडताना ती ३ इंचांची मागची कड उलट्या दिशेला फिरते. तिला जागा सोडावी लागते.

आमच्या मिस्त्रींनी पिव्होट बसवले, दार सरळ झालं. पण मनात एक प्रश्न राहिला. दार परफेक्ट लपलं, तरी ते सुरक्षित झालं का?

विक्रोळीच्या खिडकीतून

मी रोज मुलुंडहून ट्रेनने घाटकोपरला येतो आणि तिथून मेट्रोने अंधेरीला. वाटेत विक्रोळी लागतं. तिथला गोदरेजचा परिसर मी लहानपणापासून बघतोय, पण ज्या माणसाने हे सगळं सुरू केलं त्याच्याबद्दल मला शून्य माहिती होती. गंमत म्हणजे अर्देशीर गोदरेज यांनी विक्रोळीचा कारखाना कधी पाहिलाच नाही.

अर्देशीर यांचा जन्म १८६८ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते सर्वांत मोठे. शिकले वकिली. १८९० च्या सुमारास बचुबाईंशी लग्न झालं आणि लगेच आयुष्यातला सर्वांत मोठा घाव बसला. २५ एप्रिल १८९१ या दिवशी बचुबाई आणि त्यांच्या नात्यातली एक मुलगी राजाबाई टॉवरवरून पडून मरण पावल्या. त्या काळी मुंबई हादरून गेली होती. नेमकं काय घडलं याचा उलगडा कोर्टातही पूर्ण झाला नाही. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

१८९४ साली एका खटल्यासाठी त्यांना पूर्व आफ्रिकेत झांझिबारला पाठवलं गेलं. केस चालवता चालवता त्यांच्या लक्षात आलं की अशिलाच्या सोयीसाठी सत्य थोडं वाकवावं लागणार. त्यांनी नकार दिला, केस सोडली, मुंबईला परतले आणि वकिलीही सोडली. करिअर सुरू होताच संपलं.

मग एका केमिस्टकडे नोकरी. तिथून कल्पना सुचली ती सर्जरीची अवजारं बनवण्याची. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी ३,००० रुपये उसने दिले. अवजारं चांगली झाली. ज्या ब्रिटिश मालकाला ती विकायची होती त्यालाही पसंत पडली. अडलं एका शिक्क्यावर. अर्देशीर यांना वस्तूवर ती भारतात बनल्याचं छापायचं होतं, आणि त्या मालकाच्या मते तसं छापलं तर कुणी घेणार नव्हतं. शिक्का लपवला असता तर धंदा चालला असता. त्यांनी शिक्का लपवला नाही. धंदा बुडाला.

इथे मी वाचता वाचता थांबलो. पंचविशीतच या माणसाने दोन करिअर सोडली होती, आणि दोन्ही वेळा कारण एकच: काहीतरी झाकायचं नव्हतं.

लालबागची शेड

त्याच दिवसांत मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि पेपरात त्याच्या बातम्या येत होत्या. चांगली कुलपं विलायतेतून यायची, महाग असायची. अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले, आणि कामांनी पुन्हा पैसे दिले. ७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी, जेमतेम २० चौरस मीटरच्या शेडमध्ये, डझनभर कारागीर घेऊन कुलपांचं काम सुरू झालं.

त्यांच्या सुरुवातीच्या दोन कुलपांची कामं ऐका, ओळखीची वाटतील. एकाला दोन किल्ल्या असायच्या. दुसरी किल्ली फिरवली की कुलपाची आतली मांडणी बदलायची आणि पहिली किल्ली निकामी व्हायची. किल्ली हरवली, नोकराने कॉपी केली, तरी मालक निश्चिंत. आज आपण याला पासवर्ड रीसेट म्हणतो. दुसऱ्या कुलपात चुकीची किल्ली घातली की आतला बोल्ट सरकून बसायचा आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावला होता. आज फोनवर नोटिफिकेशन येतं: कुणीतरी तुमच्या अकाउंटमध्ये लॉगिन करायचा प्रयत्न केला.

ही दुसरी कल्पना मूळची इंग्लंडमधल्या चब यांची, १८१८ सालची. ते कुलूप उघडणं अशक्य आहे असं मानलं जायचं. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते साक्षीदारांदेखत उघडून दाखवलं. लोक त्याच्यावर चिडले, कारण त्याने चोरांना युक्ती शिकवली असं त्यांना वाटलं. हॉब्जचं म्हणणं उलट होतं: चोरांना ती आधीच माहीत असते, माहीत नसते ती फक्त गिऱ्हाइकाला.

पुढे अर्देशीर यांनी कुलपाच्या पोटातल्या स्प्रिंगकडे लक्ष दिलं. लिव्हरच्या कुलपात प्रत्येक लिव्हरला बारीक स्प्रिंग असते. मुंबईच्या दमट हवेत ती गंजते, तुटते, आणि खऱ्या किल्लीनेही कुलूप उघडत नाही. १९०९ साली त्यांना स्प्रिंगशिवाय चालणाऱ्या कुलपाचं पेटंट मिळालं. कमी पार्ट, कमी बिघाड.

तिजोरीची बिजागरी

१९०२ साली त्यांच्या तिजोऱ्या बाजारात आल्या, आणि इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. त्या काळच्या बऱ्याच तिजोऱ्या वेगवेगळे पत्रे जोडून बनवलेल्या असत, आणि चोर नेमका सांधा फोडायचा. अर्देशीर यांनी पत्र्यालाच वळणं देऊन पेटी बनवली, म्हणजे फोडायला सांधे कमी. दाराला दोन पत्रे ठेवले. कुलूप आणि बिजागऱ्या आतल्या पत्र्याला जोडल्या. बाहेरचा पत्रा उचकटला तरी आतलं दार आपल्या जागी.

कुठलीही चांगली तिजोरी उघडून दाराची कड बघा. कुलपाच्या बाजूला बोल्ट असतात हे आपल्याला माहीत असतं. पण बिजागरीच्या बाजूलाही एक जाड पट्टी किंवा खुंट्या असतात. दार बंद झालं की त्या चौकटीच्या मागे जाऊन बसतात. बिजागरी बाहेरून पूर्ण कापून टाकली तरी दार निघत नाही. बिजागरीचं काम फक्त वजन पेलणं आणि दार फिरवणं. दार धरून ठेवणं हे तिचं कामच नाही. म्हणून ती दिसली काय आणि लपली काय, तिजोरीला फरक पडत नाही.

आमच्या पॅसेजमधल्या दाराचं नेमकं उलट होतं. त्याची सगळी सुरक्षा ते न दिसण्यात होती. एका ओरखड्याने ती संपली.

कॉम्प्युटर सिक्युरिटीत याच गोष्टीला एक नियम आहे. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने गुप्त संदेशांबद्दल तो मांडला: यंत्रणा कशी चालते हे शत्रूला कळलं तरी ती टिकली पाहिजे, गुप्त फक्त किल्ली असावी. आपल्या यूपीआय ॲपपासून मेसेजिंगपर्यंत सगळं एन्क्रिप्शन याच तत्त्वावर उभं आहे. अर्देशीर यांनी हा नियम वाचला असेल-नसेल, त्यांची तिजोरी तो पाळत होती.

शेवटची वर्षं

पुढे धाकटे भाऊ पिरोजशा सोबत आले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनवला आणि त्याचं नाव ठेवलं चावी. अर्देशीर स्वदेशीचे कट्टर समर्थक, टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. पण देशी आहे म्हणून हलका माल खपवून घ्या, हे त्यांना मान्य नव्हतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. १९२८ साली कंपनी पिरोजशांकडे सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. शेती जमली नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

विक्रोळीची जमीन पिरोजशांनी १९४० च्या दशकात घेतली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला. त्या आगीतून गोदरेजच्या तिजोऱ्यांमधले कागद शाबूत निघाल्याची नोंद कंपनीच्या इतिहासात आहे. आणि १९५१ साली देशाच्या पहिल्या निवडणुकीसाठी १२ लाखांहून जास्त मतपेट्या विक्रोळीत बनल्या. बाहेरचं कुलूप महाग पडत होतं, म्हणून झाकणाच्या आतच बसणारी खिटी काढली. लपलेली, पण लपली होती म्हणून सुरक्षित नव्हे, तर नीट अडकत होती म्हणून.

आमच्या घरी काय झालं

मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते थोडे हिरमुसले, कारण दार त्यांना फार आवडलं होतं. दार आम्ही तसंच ठेवलंय, दिसायला छान आहे. फक्त आत पत्र्याच्या पेटीच्या जागी छोटी तिजोरी आली आणि ती भिंतीला आतून बोल्ट केली. आता शेजारची मुलगी आली की बाबा तिला स्वतःच दार उघडून दाखवतात.

तुमच्या फोनमध्येही असं एखादं दार असेल. हिडन फोल्डर, कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं लॉकर ॲप, नोट्समध्ये भलत्याच नावाने सेव्ह केलेला एटीएमचा पिन. आज एकदा उघडून बघा आणि स्वतःला विचारा: हे कुठे आहे ते कुणाला कळलं, तर पुढे त्याला अडवायला काही आहे का? नसेल तर तिथे खरं कुलूप लावा.