विश्लेषण : ऑलिम्पिक मॅरेथॉनपटू फडेप्पा चौगुले आणि ‘मोठ्या हृदया’ची भीती

गगनबावड्याच्या करूळ किंवा भुईबावडा घाटात चढ धावताना मनगटावरच्या घड्याळात १६० ठोके दिसले की धास्ती वाटते. नियमित धावणाऱ्याला सकाळी उठल्यावर ४८ ठोके दिसले, तरी वाटते. ही धास्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. बेळगावचे फडेप्पा चौगुले धावत होते, तेव्हाही ती होतीच.

चौगुले ऑलिम्पिकला कसे पोहोचले?

पुण्यात १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा भारावले. त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये भारतीय पथक बेल्जियममधील अँटवर्पला गेले. मॅरेथॉनसाठी चौगुले आणि सदाशिव दातार होते. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. ४२.७५ किलोमीटरची ती शर्यत चौगुलेंनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि १९वा क्रमांक मिळवला. मिनिटाला १६० ठोके धरले, तर एवढ्या वेळात हृदय २७ हजारांहून अधिक वेळा आकुंचन पावते.

तेव्हा डॉक्टरांचे मत काय होते?

स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्येच स्कीपटूंचे हृदय मोठे असल्याचे नोंदवले होते. पण मोठे हृदय म्हणजे थकलेले हृदय, असे अनेक डॉक्टर पुढेही मानत राहिले. आता चित्र स्पष्ट आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने हृदयाचे कप्पे रुंदावतात, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडते. म्हणून विश्रांतीत कमी ठोके पुरतात.

धावताना रक्तदाब किती वाढतो?

वरचा आकडा १२० वरून १६० ते २०० पर्यंत जाऊ शकतो. खालचा मात्र जवळपास तेवढाच राहतो किंवा थोडा उतरतो, कारण पायांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात. जड वजन उचलताना किंवा कुस्तीत श्वास रोखून जोर लावताना दोन्ही आकडे चढतात. एकाच पथकातील चौगुले आणि शिंदे यांच्या हृदयांवरचा भार असा वेगवेगळ्या जातीचा होता.

घाटात काय सांभाळायचे?

चढावर वेग नव्हे, श्वास पाहा. बोलता येईल इतकेच धावा. शेवटी एकदम थांबू नका. रक्त पायांत साचते, दाब उतरतो आणि चक्कर येते. पाच-दहा मिनिटे चाला. धावून आल्या आल्या घेतलेल्या आकड्यावरून रक्तदाबाचा निष्कर्ष काढू नका. कसलाही त्रास नसेल, तर सराव असलेल्याची मंद नाडी बहुधा तंदुरुस्तीची खूण असते. मात्र धावताना छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा ठोके अनियमित वाटले, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

चौगुलेंच्या मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ नव्हते. आपल्याकडे आहे. त्यातला आकडा पाहून घाबरण्याऐवजी तो वाचायला शिकलेले बरे.