केरीच्या केसरबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा मीही काही लिहावे, असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हाताला लाटण्याची सवय, लेखणीची नाही. तेव्हा काही चुकले तर भगिनींनी पोटात घालावे.

गेल्या पावसाळ्यात धाकट्याला शाळेसाठी अंतराळयानांचा तक्ता करायचा होता. मी भाकऱ्या थापत होते आणि तो मोबाईलवरून वाचून दाखवीत होता. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली आणि प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी ठेवली. त्या तबकडीवर आपल्या भारतातील एकच गाणे आहे आणि ते केसरबाई केरकरांचे आहे, हे ऐकून माझा हात तव्यावर थबकला. केसरबाईंचे नाव आम्हा कोल्हापूरकरांना ऐकून ठाऊक. पण त्यांचे गाणे मी कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी ते ऐकले. मग मिळेल तेथून त्यांची माहिती जमविली. तीच येथे देत आहे.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात फोंडा तालुक्यातील केरी या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घराणे कलावंतांचे. देवळाच्या आश्रयाने गाणेबजावणे करणाऱ्या त्या घरांतील स्त्रियांची कला लोकांना हवी असे, पण त्यांना मान द्यायला समाजाचा हात आखडत असे. ज्या मुलीने पुढे भल्याभल्यांना आपल्यापुढे मान तुकवायला लावली, ती अशा घरात वाढली, हे विसरून चालणार नाही.

आठ वर्षांच्या असताना घरची मंडळी त्यांना घेऊन आपल्या कोल्हापुरात आली. येथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्यांना सुमारे आठ महिने तालीम मिळाली. पुन्हा गोव्यात गेल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण झाले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या मुंबईस आल्या. तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडे शिकल्या. पण कधी गुरू परगावी जात, कधी आणखी काही अडचण येई, आणि विद्या अर्धी राही. आपल्यापैकी किती जणींचे शिक्षण असेच तुटक तुटक झाले आहे! फरक एवढाच, की आपण तेथेच थांबलो आणि त्या थांबल्या नाहीत.

१९२१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला. खाँसाहेब म्हणजे आपल्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. त्यांची गायकी फार अवघड. राग अनवट, ताना एकमेकींत गुंफलेल्या, आणि सारे मोकळ्या आकारात, दमसास राखून. तिशीच्या वयात, नाव होऊ लागलेले असताना, पाटी कोरी करून पुन्हा पहिल्यापासून शिकणे सोपे नाही. केसरबाईंनी ते केले. अनेक वर्षे रोज तासन् तास मेहनत केली. खाँसाहेब १९४६ साली गेले, तोवर त्यांचे शिकणे चालूच होते.

पुढे त्यांच्या गाण्याला साऱ्या हिंदुस्थानात मान मिळाला. राजेरजवाड्यांकडे बोलावणी येत. रवींद्रनाथ टागोरांनाही त्यांचे गाणे फार आवडे. कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना सूरश्री ही पदवी दिली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरव केला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राज्यगायिका म्हणून मान दिला.

बाईंचा स्वभाव मात्र करारी. बिदागी मोठी घेत आणि त्यात कमीजास्त चालत नसे. बैठकीत कोणी अदबीने वागले नाही, तर त्यांना खपत नसे. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. मला तसे वाटत नाही. ज्या स्त्रीच्या घराण्याला जगाने पिढ्यान् पिढ्या कमी लेखले, तिने आपला मान आपणच राखला नसता तर कोणी राखला असता?

आणखी एक गोष्ट. आपली गायकी कोणी ऐकून ऐकून उचलील, याची त्यांना धास्ती असे. म्हणून रेडिओपासून त्या दूर राहिल्या, ध्वनिमुद्रिकाही थोड्याच दिल्या. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन साडेतीन मिनिटे मावत. तासभर एक राग फुलविणाऱ्या बाईंना ते कसे रुचावे? शिष्याही फार केल्या नाहीत. आपल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना मात्र त्यांनी विद्या दिली. १९६० नंतर थोड्याच वर्षांत त्यांनी जाहीर गाणे आपणहून बंद केले.

आता त्या सोनेरी तबकडीविषयी. अंतराळात कोणी बुद्धिमान जीव असलेच, तर त्यांना आपल्या पृथ्वीची ओळख पटावी, या एका कल्पनेभोवती ती सारी गुंफली आहे. कार्ल सेगन या शास्त्रज्ञांच्या मंडळींनी ती तयार केली. तीत ५५ भाषांतील नमस्कार आहेत. आपली मराठीही आहे. पावसाचा, पाखरांचा, आई आणि बाळाचा आवाज आहे. निरनिराळ्या देशांच्या संगीताचे २७ नमुने आहेत. रॉबर्ट ब्राऊन या संगीताच्या अभ्यासकांनी केसरबाईंची भैरवी सुचविली. ती सहजी मिळेना. शेवटी अ‍ॅन ड्रूयान या बाईंना न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ‘जात कहाँ हो’ ही ती साडेतीन मिनिटांची भैरवी.

एक यान २० ऑगस्टला आणि दुसरे ५ सप्टेंबर १९७७ला सुटले. त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंनी देह ठेवला. जमिनीवरल्या लोकांना मात्र ती तबकडी पुष्कळ वर्षे विकत मिळत नव्हती. २०१७ साली ती सर्वांसाठी निघाली आणि लोकांनी ती घरी लावून ऐकली. त्यांतले एक यान आज २४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर गेले आहे. जिने आपला सूर जिवापाड जपून ठेवला, तिचाच सूर सर्वांत लांब गेला.

हे सारे मी का लिहिले, ते सांगते. माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या खूप येत. जाते केव्हाच माळ्यावर गेले होते, पण निवडटिपण करताना त्या गुणगुणत. एकदा मी मोबाईलवर ओव्या घेऊ का, म्हणून विचारले. आवाज गेला आता, असे म्हणून त्यांनी नको म्हटले. मीही फिरून विचारले नाही. खरे तर मलाच कामाची घाई होती. त्या गेल्या. आज मला त्यांच्या तीन ओव्या धड आठवतात, चौथी अर्धी येते. केसरबाईंनी नको म्हटले ते आपली विद्या जपण्यासाठी. सासूबाईंचे नको मात्र संकोचाचे होते. त्यांचे जवळ बसून ऐकून घ्यायला हवे होते. ही चूक माझी आहे आणि ती आता भरून येणारी नाही.

आपल्या मंडळात सत्तरीपुढच्या अकरा जणी आहेत. कोणाला पाळणे येतात, कोणाला भोंडल्याची गाणी, कोणाला पहाटेची भूपाळी. गुरुवारचे भजन झाल्यावर अर्धा तास त्यांच्यापाशी बसावे, त्यांची खुशी असेल तेवढे वहीत उतरून घ्यावे, आवाजही ठेवावा, असे मला वाटते. पहिली वही मी आणीन. अक्षर फारसे चांगले नाही, पण लागते.