कर्नल ग्रिफिथ यांचे दान आणि लॉस एंजेलिसचा पेच

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या उत्तर भागात, सांता मोनिका पर्वतरांगेच्या पूर्व टोकाला ग्रिफिथ उद्यान पसरले आहे. चार हजारांहून अधिक एकर क्षेत्राचे हे उद्यान त्या देशातील मोठ्या नागरी उद्यानांमध्ये गणले जाते. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या कर्नल ग्रिफिथ जेनकिन्स ग्रिफिथ यांचे जीवन मात्र सरळ रेषेत गेले नाही. त्यांनी या शहराला दोन मोठ्या देणग्या देऊ केल्या. पहिली शहराने स्वीकारली. दुसरी घ्यावी की नाकारावी, या प्रश्नाचे उत्तर मात्र दात्याच्या हयातीत मिळू शकले नाही.

ग्रिफिथ यांचा जन्म ४ जानेवारी १८५० रोजी ब्रिटनच्या वेल्स प्रांतातील ग्लॅमॉर्गनशायर परगण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. किशोरवयातच ते अमेरिकेत आले आणि पेनसिल्व्हेनिया राज्यात वाढले. १८७३ मध्ये त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को गाठले आणि तेथील एका प्रकाशन संस्थेत व्यवस्थापकाचे काम पाहिले. पुढे अल्टा कॅलिफोर्निया या वृत्तपत्राचे खाणविषयक वार्ताहर म्हणून काम करताना त्यांनी खाणींचा बारकाईने अभ्यास केला. कोणत्या डोंगरात चांदी आहे आणि कोणत्या खाणीत पैसा बुडणार आहे, याचे ज्ञान त्या काळी अतिशय मोलाचे होते. खाणमालकांना सल्ला देऊन ग्रिफिथ यांनी अल्पावधीतच मोठी संपत्ती मिळविली.

१८८२ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. तेथे त्यांनी रांचो लॉस फेलिझ या जुन्या स्पॅनिश जहागिरीतील सुमारे चार हजार एकर जमीन विकत घेतली. १८८७ मध्ये शहरातील एका धनाढ्य घराण्यातील मेरी ॲग्नेस क्रिस्टिना मेस्मर ऊर्फ टीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढल्याच वर्षी त्यांना पुत्रप्राप्ती झाली. ग्रिफिथ नावापुढे कर्नल लावीत असत. सैन्यातील त्यांचा प्रत्यक्ष हुद्दा मात्र तेवढा मोठा नव्हता. डौलदार पोशाख, हातात काठी आणि बोलण्यात आढ्यता, अशी त्यांची मूर्ती शहराच्या परिचयाची झाली होती. लोक त्यांना ओळखत असत. त्यांच्याविषयी प्रेम बाळगणारे मात्र थोडेच होते.

१६ डिसेंबर १८९६ रोजी ग्रिफिथ यांनी आपल्या जहागिरीतील ३,०१५ एकर जमीन नाताळची भेट म्हणून शहराला देऊ केली. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध सेंट्रल पार्कच्या साडेतीन पटींहून अधिक असे हे क्षेत्र होते. १८९० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसची लोकसंख्या जेमतेम ५० हजार होती. एवढ्या लहान शहराने एवढे मोठे उद्यान घेऊन करायचे काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते. जमीन डोंगराळ होती, वस्तीपासून दूर होती आणि तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होती. त्यातून, या जमिनीवरील कर चुकविण्यासाठीच हे दान केले जात असल्याची कुजबुजही होती.

ग्रिफिथ यांची भूमिका वेगळी होती. युरोपातील मोठी सार्वजनिक उद्याने त्यांनी पाहिली होती. कष्टकरी जनतेला सुटीच्या दिवशी कुटुंबासह मोकळ्या हवेत जाता आले पाहिजे. ज्या शहरात अशी जागा नसते, तेथील असंतोष साचत जातो, असे त्यांचे मत होते. ही जमीन कायम सर्वसामान्यांसाठी उद्यान म्हणूनच वापरली जावी, ही त्यांची अट होती. तेथवर जाण्याचे रेल्वेभाडे गरिबालाही परवडावे, असा त्यांचा आग्रह होता. शहराने विचारविनिमय करून दान स्वीकारले आणि १८९८ मध्ये कागदपत्रांची पूर्तता झाली. अर्थात जमीन हाती आली, तरी ती विकसित करण्यासाठी पैसा नव्हता. पुढील अनेक वर्षे हा परिसर रानासारखाच राहिला आणि १९१० मध्ये तो शहराच्या हद्दीत समाविष्ट झाला.

दरम्यान ग्रिफिथ यांच्या घरात वेगळेच नाट्य घडत होते. चारचौघांत ते मद्यपानाला विरोध करीत. प्रत्यक्षात ते चोरून मोठ्या प्रमाणावर दारू पीत असत. व्यसन वाढले तसा संशयही वाढला. पत्नी कॅथलिक पंथाची होती. पोपच्या सांगण्यावरून ती आपल्यावर विषप्रयोग करणार आहे, अशा भ्रमाने त्यांना पछाडले. ३ सप्टेंबर १९०३ रोजी सांता मोनिका येथील आर्केडिया हॉटेलच्या खोलीत त्यांनी टीना यांना गुडघे टेकून बसावयास लावले, काही प्रश्न विचारले आणि पिस्तूल झाडले. गोळी डोक्याला लागली. रक्तबंबाळ अवस्थेत टीना यांनी खिडकीतून उडी घेतली आणि खालच्या छतावर पडून त्या बचावल्या. त्यांचा एक डोळा मात्र कायमचा गेला.

हा खटला देशभर गाजला. राज्याचे माजी गव्हर्नर हेन्री गेज अभियोग पक्षाच्या बाजूने उभे राहिले, तर नामवंत वकील अर्ल रॉजर्स यांनी ग्रिफिथ यांचा बचाव केला. मद्यपानामुळे आरोपीच्या मनाचा तोल गेला होता, हा रॉजर्स यांचा मुख्य युक्तिवाद होता. अखेर ग्रिफिथ यांना दोन वर्षे कारावास आणि पाच हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. एका असहाय स्त्रीला कायमचे अपंगत्व देणाऱ्या गुन्ह्यासाठी ही शिक्षा अपुरी असल्याची भावना अनेकांच्या मनात राहिली. टीना यांना १९०४ मध्ये घटस्फोट मिळाला आणि मुलाचा ताबाही त्यांच्याकडेच गेला.

सॅन क्वेंटिन तुरुंगातील मुदत पुरी करून ग्रिफिथ १९०६ च्या अखेरीस बाहेर आले. बाहेर आलेला माणूस पूर्वीपेक्षा बदललेला होता. त्यांनी तुरुंग सुधारणेचे कार्य हाती घेतले. कैद्यांना मिळणारी वागणूक आणि शिक्षेचा हेतू या विषयांवर ते लिहू व बोलू लागले. खगोलशास्त्राची ओढही त्यांना लागली होती. लॉस एंजेलिसजवळील माउंट विल्सन वेधशाळेत ६० इंची आरशाची दुर्बीण १९०८ मध्ये कार्यान्वित झाली होती. त्या दुर्बिणीतून आकाश पाहण्याच्या अनुभवाने ते भारावून गेले. असे दर्शन प्रत्येक सामान्य माणसाला घडावे, या विचाराने त्यांच्या मनात घर केले.

१२ डिसेंबर १९१२ रोजी त्यांनी शहरापुढे दुसरा प्रस्ताव ठेवला. उद्यानातील माउंट हॉलिवूडच्या माथ्यावर सार्वजनिक वेधशाळा उभारण्यासाठी एक लाख डॉलर देण्याची त्यांची तयारी होती. पुढे खुल्या ग्रीक रंगमंदिरासाठीही त्यांनी ५० हजार डॉलर देऊ केले. नगर परिषदेचा कौल अनुकूल होता. शहरात मात्र वादळ उठले. पत्नीवर गोळी झाडणारा माणूस पैसे देऊन आपले नाव धुऊन काढीत आहे आणि शहराने त्याला हातभार लावू नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. उद्यान आयोगानेही विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. दुसऱ्या बाजूला, वेधशाळा ही दात्यासाठी नव्हे तर नागरिकांसाठी आहे, असा विचार मांडला जात होता.

या वादात दोन्ही बाजूंना वजन होते. देणगी स्वीकारणे म्हणजे दात्याचा सन्मान करणे, हे समाजात गृहीत धरले जाते. टीना आणि त्यांचे आप्त त्याच शहरात होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ग्रिफिथ यांचा गौरव होणे अनेकांना असह्य वाटले. उलटपक्षी, दान नाकारल्याने टीना यांना डोळा परत मिळणार नव्हता आणि नुकसान होणार होते ते शहरातील मुलांचे. १९१० मध्ये लॉस एंजेलिसची लोकसंख्या तीन लाखांवर गेली होती. चौदा वर्षांपूर्वी अवाढव्य वाटलेल्या उद्यानाची गरज आता दिसू लागली होती.

आपल्या हयातीत ही वास्तू उभी राहणार नाही, हे १९१६ च्या सुमारास ग्रिफिथ यांच्या लक्षात आले. त्यांनी मृत्युपत्राद्वारे वेधशाळा व रंगमंदिरासाठी निधी राखून ठेवला आणि वास्तू कशी असावी याचा तपशील लिहून ठेवला. दुर्बीण आणि विज्ञानदालन जनतेसाठी विनामूल्य असावे, ही त्यातील मुख्य अपेक्षा होती. ६ जुलै १९१९ रोजी यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

जे दान जिवंत माणसाकडून घेणे शहराला जड गेले, ते मृत्यूनंतर स्वीकारणे सोपे झाले. ग्रीक रंगमंदिर १९३० मध्ये सुरू झाले. जॉन ऑस्टिन आणि फ्रेडरिक ॲशली या वास्तुविशारदांनी साकारलेल्या वेधशाळेचे १४ मे १९३५ रोजी उद्घाटन झाले. माथ्याऐवजी डोंगराच्या दक्षिण उतारावर ती उभारण्यात आली. ग्रिफिथ यांच्या काळात अस्तित्वात नसलेल्या तारांगणाचीही तेथे भर पडली. उद्यानाच्या आणि वेधशाळेच्या कामात ग्रिफिथ यांचे पुत्र व्हॅन यांनी पुढाकार घेतला, हेही उल्लेखनीय आहे. ज्या घरात तो गुन्हा घडला, त्याच घरातील मुलाने हे काम तडीस नेण्यास साहाय्य केले.

वेधशाळेत आजही प्रवेशशुल्क आकारले जात नाही. निरभ्र रात्री तेथील १२ इंची दुर्बिणीतून आतापर्यंत लक्षावधी लोकांनी चंद्र आणि ग्रह पाहिले आहेत. ग्रिफिथ यांच्या दानाने त्यांचा अपराध पुसला गेला नाही. शहराच्या इतिहासात दोन्ही गोष्टींची नोंद शेजारी शेजारी आहे. दात्याला निर्दोष न ठरवताही दान लोकांच्या कामी लावता येते, हे लॉस एंजेलिसला उमगले. मात्र त्यासाठी या शहराला दोन दशकांहून अधिक काळ लागला.