वाघाला साद घालणारा 'कार्पेट साहेब'

शेतकरी बंधूंनो, आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात वाघ नाही. दंडोबाच्या डोंगराकडं आणि माळाला लांडगा, तरस, कोल्हा एवढीच काय ती जनावरं. पण म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, माळाला द्राक्षबागा आणि उसाचे फड उभे राहिले. तिकडं शिराळा, वाळवा, कराडच्या उसात बिबट्या पिल्लं घालतो, हे तुम्ही ऐकून आहात. रात्री दारं धरायला जाणाऱ्या माणसाच्या मनात आता ही धाकधूक असते. अशा वेळी अंगात धीर कसा आणायचा आणि डोकं थंड कसं ठेवायचं, हे सांगणारा एक माणूस होऊन गेला. नाव जिम कॉर्बेट. कुमाऊँचे डोंगरी शेतकरी त्याला 'कार्पेट साहेब' म्हणत. त्याची पुस्तकं मराठीतही आली आहेत, त्यामुळं नाव तुम्हांला नवं नसेल. पण हा माणूस गोरा असूनही गावगाड्यातला कसा होता, आणि नरभक्षक वाघिणीला तिच्याच आवाजात हाक मारून त्यानं समोर कसं आणलं, हे सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही.

पोस्टमास्तरचा पोरगा

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथं पोस्टमास्तर होते. घरात भावंडांचा मोठा गोतावळा. जिम लहान असतानाच वडील वारले आणि प्रपंच आईच्या अंगावर पडला. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत डोंगराच्या पायथ्याला कालाढुंगी, असं त्यांचं बिऱ्हाड हलत असे. कालाढुंगीला घराला लागूनच जंगल. हा पोरगा त्या रानात एकटा हिंडायचा. आपल्याकडं गुराखी पोरं होल्याचा, मोराचा, कोल्ह्याचा आवाज हुबेहूब काढतात ना, तसाच यालाही नाद. पाखरापासून वाघापर्यंत सगळ्यांचे आवाज तो काढायला शिकला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो आवाजांचा अर्थ शिकला. वानर झाडावरून खाकरलं, भेकर भुंकलं, सांबरानं ढाँक केलं, की रानात वाघ किंवा बिबट्या कुठं आहे, कुठल्या दिशेनं चाललाय, हे त्याला जागेवर बसून कळायचं. आपल्या वस्तीवर टिटवी ओरडली, कुत्री एकाच बाजूला तोंड करून भुंकली की म्हातारी माणसं उठून बसतात. विद्या तीच. कॉर्बेटनं ती जन्मभर तासून धारदार ठेवली.

विशीच्या आतच तो रेल्वेत नोकरीला लागला. पुढं बिहारात गंगेकाठी मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका घेऊन वीसएक वर्षं राबला. हमालांबरोबर स्वतः पाठीवर ओझी वाहिली. सुट्टी मिळाली की कुमाऊँ. तिथल्या सरकारी अंमलदारांना हा तरणा शिकारी ठाऊक झाला होता.

पहिली रात्र भीतीची

सन १९०७. चंपावतच्या वाघिणीनं नेपाळात दोनशे आणि कुमाऊँत दोनशे छत्तीस, अशी चारशे छत्तीस माणसं मारली होती. तिला मारायला कॉर्बेटला सांगण्यात आलं. त्यानं दोन अटी घातल्या. एक, सरकारनं लावलेलं बक्षीस रद्द करा. दोन, बाकीचे सगळे शिकारी रानातून मागं बोलवा. बक्षिसासाठी जीव घेणारा म्हणून नाव व्हायला नको, आणि चुकून कुणाची गोळी आपल्याला लागायला नको, हा त्यातला हिशेब.

तो पाली नावाच्या गावात पोचला तेव्हा गावातली माणसं पाच दिवस दाराबाहेर पडली नव्हती. पिकं उभी, गुरं दावणीला उपाशी. ती रात्र कॉर्बेटनं गावाबाहेर रस्त्याकडेच्या झाडाला पाठ लावून उघड्यावर काढली. वाचकहो, इथं नीट ध्यान द्या. पुढं जगभर नाव झालेला हा शिकारी त्या रात्री भीतीनं दात वाजवत बसला होता. चांदण्यात प्रत्येक सावली त्याला वाघीण वाटत होती. हे त्यानं पुढं स्वतःच लिहून ठेवलं, लपवलं नाही. भीती वाटणं हा कमीपणा नव्हे. भीती वाटली म्हणून पळत सुटणं, नाहीतर भीतीपोटी उगीच बार टाकणं, यात धोका. भीतीनं माणूस सावध होतो, तेवढं तिच्याकडून घ्यावं आणि बाकीचं सोडावं, हा धडा तो तिथं शिकला.

पुढं चंपावतच्या तहसीलदारानं मोठी मदत केली. रान उठवायला जवळजवळ तीनशे माणसं गोळा केली. बिनपरवान्याची बंदूक आणली तरी आज कानाडोळा करू, असं जाहीर केल्यावर गावोगावच्या किती बंदुका बाहेर निघाल्या असतील, हे गावकामगार मंडळींना सांगायला नको! ऐन वेळी कॉर्बेटची काडतुसं संपली. जखमी वाघीण समोर. तेव्हा तो पळत जाऊन तहसीलदाराची जुनी खटारा बंदूक घेऊन आला आणि काम तडीस नेलं. तपासलं तेव्हा कळलं, वाघिणीचे सुळे कुठल्याशा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीनं तुटले होते. हरण-सांबर धरता येईना म्हणून ती माणसाकडं वळली होती.

पुढच्या बहुतेक नरभक्षकांत त्याला हेच दिसलं. कुणाच्या पंजात साळिंदराचे काटे रुतून सडलेले, कुणाच्या अंगात अर्धवट शिकारीची गोळी. रुद्रप्रयागच्या बिबट्याची गोष्ट आणखी वेगळी. बद्री-केदारच्या यात्रेच्या वाटेवर त्यानं १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीप्रमाणं सव्वाशे माणसं मारली. १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ आपल्याकडं 'मानमोडी' म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी होती. त्या साथीत डोंगरातली मढी धड जाळताही आली नाहीत, दरीत लोटावी लागली. तिथं बिबट्याला माणसाच्या मांसाची चटक लागली, असं कॉर्बेटचं मत. मे १९२६ मध्ये गुलाबराईच्या एका आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री जागून त्यानं तो बिबट्या मारला.

ठाकची वाघीण

आता मुख्य गोष्ट. साल १९३८, नोव्हेंबर महिना. नेपाळच्या हद्दीलगत शारदा नदीच्या वरच्या अंगाला ठाक नावाचं खेडं. तिथल्या नरभक्षक वाघिणीच्या धास्तीनं अख्खं गाव घरदार टाकून निघून गेलं होतं. आसपासच्या जंगलात लाकूडतोडीसाठी हजारो मजूर आलेले. कॉर्बेटचं वय तेव्हा त्रेसष्ट. ही आपली शेवटची नरभक्षकाची शिकार असं त्यानं ठरवलं होतं, आणि ३० नोव्हेंबर हा शेवटचा दिवस. हल्या-बोकडांची आमिषं झाली, झाडावर जागरणं झाली, वाघीण काही हाताला लागली नव्हती.

त्या दिवशी सूर्य कलला. न्यायला आलेली चार माणसं आणि बोकडं बरोबर घेऊन तो परतायच्या बेतात असताना वरच्या अंगानं वाघिणीची डरकाळी आली. ती जोडीदार शोधत होती. कॉर्बेटनं नराच्या आवाजात उत्तर दिलं. तिनं पुन्हा साद दिली, आणि ती खाली यायला लागली.

विचार करा, अंधार पडायला थोडाच वेळ उरलेला. पाठीमागं चार बिनहत्यारी माणसं, त्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर. आणि आपणच हाक मारून नरभक्षक जनावर अंगावर बोलावलेलं. आता गप्प बसावं तर ती अंधारात कुठून येईल सांगता येत नाही. पळावं तर वाट रानातून. तेव्हा त्यानं घाई न करता एकेक गोष्ट केली.

पहिली गोष्ट, जागा पक्की केली. जवळच कमरेइतक्या उंचीचा एक खडक होता. माणसं त्याच्या आडोशाला एकमेकांना चिकटून बसवली, हलायचं नाही, बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. स्वतः खडकावर रायफल टेकवून सज्ज राहिला. दुसरी गोष्ट, ती कुठल्या वाटेनं येणार हे आवाजावरून ताडून नळी आधीच तिकडं रोखली. जनावर दिसल्यावर बंदूक फिरवणं म्हणजे उशीर. तिसरी गोष्ट, तोंड गरजेपुरतंच उघडलं. वाघीण थांबली असं वाटलं तरच साद द्यायची, येत असेल तर गप्प. जास्त हाका मारल्या की जनावराला संशय येतो. चौथी गोष्ट, दिसल्याबरोबर बार टाकायचा नाही, नेम धरता येईल तेव्हाच.

शेवटची डरकाळी इतकी जवळून आली की हवेचा धक्का तोंडावर बसावा. माणसं श्वास रोखून बसली. मग अगदी काही पावलांवर, संपत आलेल्या उजेडात तिचं डोकं दिसलं. दोन बार झाले. दणक्यानं कॉर्बेट खडकावरून घसरला आणि मागच्या माणसांवर आणि बोकडांवर जाऊन पडला. वाघीण जागेवर गार झाली होती. तिच्या अंगातही बंदुकीच्या जुन्या जखमा होत्या, त्यातली एक चिघळलेली.

ठाकची माणसं गावी परतायला मोकळी झाली. पण जोडीदार समजून आलेलं जनावर आपण फसवून मारलं, याची रुखरुख कॉर्बेटला राहिली. गावकऱ्यांचा जीव वाचवायला दुसरा इलाज नव्हता, हेही खरं. दोन्ही गोष्टी त्यानं मान्य केल्या.

हातात अंडी, समोर वाघीण

चौगडच्या वाघिणीचा प्रसंगही असाच. तिनं आणि तिच्या वाढलेल्या पिल्लानं मिळून चौसष्ट माणसं मारली होती. एप्रिल १९३० मध्ये तिच्या मागावर असताना कॉर्बेटच्या डाव्या हातात एका पाखराची दोन अंडी होती, वाटेत सापडलेली. एका मोठ्या दगडाला वळसा घातला तर मागं, आठएक फुटांवर, वाघीण दबा धरून बसलेली. झटक्यानं बंदूक उचलली असती तर तिनं झेप घेतली असती. त्यानं अंडी टाकली नाहीत, ओरडला नाही. एका हातानं रायफल इतक्या हळू फिरवली की तिला हालचाल जाणवली नाही. नळी समोर आली तेव्हा बार टाकला. अंडी शाबूत राहिली. ती त्यानं परत घरट्यात नेऊन ठेवली.

रानातल्या वाटेनं चालताना वारा कुठून येतोय हे तो सारखं बघायचा. वाघाला वाटतं माणसालाही आपल्यासारखा वास येतो, म्हणून तो वाऱ्याच्या खालच्या अंगानं येतो. तेव्हा डोळे त्या बाजूला जास्त ठेवायचे, असा त्याचा नेम होता.

गावाचा मालक, गावाचा सोबती

शेतकरी वाचकांना त्याची आणखी एक बाजू कळायला हवी. १९१५ साली त्यानं कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचं ओसाड पडलेलं गाव विकत घेतलं, २२१ एकर जमीन. कुळं बसवली, पाणी खेळवलं. रानडुकरं पिकं उलथीपालथी करायची, म्हणून १९२५ च्या सुमारास सगळ्या गावाभोवती दगडी गडगा घातला, लांबी सुमारे सात किलोमीटर. कुळांचा सारा तो स्वतःच भरायचा. रानडुकराचा त्रास आज आपल्याकडंही आहे. त्यावर एकट्यादुकट्याच्या कुंपणापेक्षा सगळ्या शिवाराचा मिळून बंदोबस्त बरा, हे त्यानं तेव्हा करून दाखवलं.

उतारवयात त्यानं बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याचा आवाज वाघाला ऐकू जाऊ नये म्हणून ओढ्याला बांध घालून धबधबा पाडला आणि त्या आवाजाआड बसून एकाच वेळी सात वाघांचं चित्रण केलं. १९३६ साली कुमाऊँच्या पायथ्याला देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात त्याचा वाटा होता. १९४४ साली त्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक मुंबईहून निघालं. १९४७ मध्ये बहिणीसह तो केनियात गेला आणि छोटी हल्द्वानीची जमीन कुळांसाठी सोडून गेला. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी गावी तो वारला. पुढं त्या उद्यानाला त्याचं नाव देण्यात आलं.

आपण काय घ्यायचं?

बंधूंनो, कॉर्बेटचा काळ वेगळा होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आज बिबट्या, लांडगा यांना मारणं तर सोडाच, फासा लावणं, हाकारून कोंडीत धरणं हासुद्धा गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंगवास आहे. गंमत म्हणून जनावराला आवाज देऊन बोलावण्याच्या फंदात कुणी पोरानं पडू नये. बोलावणं सोपं, आल्यावर काय करायचं हे अवघड. कॉर्बेटसुद्धा ते जन्मभराच्या सरावानंतर करायचा.

त्याचा थंडपणा मात्र घ्यावा. रात्री दारं धरायला जाताना जोडीनं जावं, हातात बॅटरी आणि काठी असावी, बोलत, खाकरत, गाणं म्हणत जावं. म्हणजे जनावर आधीच बाजूला होतं. पाणी धरताना उसाच्या कडेला वाकून, बसून राहू नये. बसलेला माणूस जनावराला लहान दिसतो. लहान पोराला फडाजवळ एकटं सोडू नये, शेरडं-करडं रात्री बंदिस्त गोठ्यात घालावीत. बिबट्या समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये. उभं राहावं, हात वर करावेत, मोठ्यानं आवाज द्यावा आणि तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरावं.

ऊस तोडताना पिल्लं सापडली तर हात लावू नये, काम थांबवून वनखात्याला कळवावं. आई रात्री येऊन ती घेऊन जाते. पिल्लं उचलून गावात आणली तर तीच बया सैरभैर होऊन वस्तीवर येते. शेळी-मेंढरू मारलं गेलं तर ते जागचं न हलवता ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावं, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मिळते.

सरपंच, पोलीस पाटील, तलाठी मंडळींना एक विनंती. बिबट्या दिसल्याची आवई उठली की शेपन्नास माणसं काठ्या-दगड घेऊन फडाभोवती गोळा होतात. तिथं खरा धोका असतो. कोंडलेलं, जखमी जनावर माणसावर उलटतं. चंपावतची वाघीण असो की ठाकची, कुणाच्या तरी अर्धवट गोळीचा घाव अंगावर घेऊन त्या फिरत होत्या आणि त्याची किंमत भलत्याच माणसांनी मोजली. म्हणून गर्दी पांगवणं, जनावराला निघून जायला एक बाजू मोकळी ठेवणं आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत शांतता राखणं, एवढं जरी गावानं केलं तरी निम्मं काम झालं.