न्यायमूर्ती रानडे : कोर्टाच्या दप्तरात डोकं घातलेला माणूस

तलासरी : तालुक्याच्या कोर्टात ज्याचं कधी काम पडलंय त्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. जज्जसाहेबांसमोर आपण उभे राहतो पाच-दहा मिनिटं. बाकीचा सगळा दिवस जातो तो कारकून, बेलिफ, नाझर, पट्टेवाला आणि नकलेची खिडकी यांच्यात. समन्स कुणी आणलं, कुणाच्या हातात दिलं, रोजनाम्यात काय लिहिलं, पुढची तारीख नीट कळली का, यावरच बऱ्याचदा निम्मा निकाल ठरलेला असतो.

हे दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखलं त्यांत एक नाव महादेव गोविंद रानडे यांचं आहे. समाजसुधारक, प्रार्थना समाजाचे, काँग्रेसच्या उभारणीतले, हायकोर्टाचे न्यायमूर्ती असा त्यांचा धडा आपण शाळेत वाचतो. पण त्यांच्या नोकरीतली जवळपास नऊ वर्षं गावोगावच्या कोर्ट-कचेऱ्यांची दप्तरं तपासण्यात गेली, हे त्या धड्यात सहसा नसतं. गरिबाच्या दृष्टीनं बघाल तर त्यांचं हेच काम मोठं होतं.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव तिथं मामलेदार कचेरीत कारकून होते, नंतर कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले. म्हणजे कचेरी, फडताळं, रुमालात बांधलेली दप्तरं हे पोराच्या घरातलंच जग. शिक्षण कोल्हापूरला, पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या पहिल्या तुकडीतून ते पास झाले, १८६६ मध्ये एल्एल.बी. अभ्यास इतका केला की विशीतच डोळे बिघडले आणि तो त्रास जन्मभर राहिला. कागद वाचणं हाच धंदा असलेल्या माणसाला डोळ्यांनी दगा द्यावा, याला काय म्हणायचं!

सुरुवातीच्या नोकऱ्या पण पाहण्यासारख्या आहेत. शिक्षण खात्यात मराठी भाषांतरकार, अक्कलकोटला कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश, मग एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक. १८७१ साली पुण्याला पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून आले आणि सार्वजनिक सभेच्या कामात पडले. सभेनं पुण्यात लवाद कोर्टही चालवून पाहिलं. भांडण सरकारी कोर्टात नेऊन स्टँप, वकील, खेटे यांत बुडण्यापेक्षा चार शहाण्या माणसांपुढं मिटवावं, अशी ती कल्पना.

त्याच सुमारास दख्खनमध्ये आग लागली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. धान्य किंवा पैसा हा त्यांचा मुख्य रोख नव्हताच. त्यांना हवे होते कर्जरोखे, खतं आणि हुकूमनामे. ते बाहेर काढले आणि जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारनं चौकशीला कमिशन बसवलं, त्यात जे निघालं ते आजही वाचताना अंगावर येतं. सावकाराच्या दाव्यांत बहुतेक शेतकरी कोर्टात हजरच होत नव्हते. काहींना समन्स पोचत नव्हतं, काहींना त्याचा अर्थ कळत नव्हता, काही जण आता जाऊन तरी काय होणार म्हणून घरी बसत. दावा एकतर्फी निकाली. मग बेलिफ यायचा तो थेट जप्तीला, बैल सोडायला. हुकूमनाम्यासाठी कुळाला दिवाणी तुरुंगात टाकण्याचीही सोय सावकाराला होती. म्हणजे जज्ज लाचखाऊ नाही, कायदा मोडलेला नाही, सगळं रीतसर. आणि तरी माणूस उघड्यावर.

यातून १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्यात घेतले. या कायद्यानं मोठा बदल केला तो कोर्टाच्या खालच्या पायऱ्यांत. दावा लावण्याआधी तडजोड करणाऱ्या पंचाकडं जायचं आणि तिथं मिटलं नाही तर त्याचा दाखला घेऊनच कोर्टात यायचं. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावच्या मुन्सफापुढं. शेतकऱ्यानं करून द्यायचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोरच व्हायचा. त्यानं तो लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, नाहीतर तो कोर्टात चालणार नाही. सावकारानं पावती द्यायची, हिशेब द्यायचा. शंभर रुपयांच्या आतल्या दाव्यात वकिलाचं काम सहसा नाही. जज्जानं नुसत्या खतावर विसंबायचं नाही. कुळाला समोर बोलवायचं आणि कर्ज पहिल्यांदा कधी, किती घेतलं तिथपासून हिशेब उकलायचा, मुद्दल वेगळी, व्याज वेगळं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं बंद झालं.

कागदावर हे छान दिसतं. पण गावचा रजिस्ट्रार खरंच दस्त वाचून दाखवतो, की नुसता अंगठा घेतो? तडजोडीचा पंच सावकाराच्याच ओसरीवर बसत असेल तर काय? हे जाऊन बघायला कायद्यानं खास न्यायाधीशाची जागा निर्माण केली होती.

रानडे त्या वेळी सरकारच्या नजरेत संशयी होते. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड आणि पुण्यातल्या वाड्यांना लागलेली आग या १८७९ च्या धामधुमीत त्यांची नाशिकहून धुळ्याला तातडीनं बदली झाली. तिथं त्यांची टपाल फोडून वाचली जाई. संशय फिटला तेव्हा १८८१ मध्ये मुंबईला मॅजिस्ट्रेट म्हणून काही काळ बसवलं आणि त्याच साली खास न्यायाधीशांचे मदतनीस म्हणून या कामावर आणलं. १८८४ ला पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात जज्ज झाले आणि १८८७ पासून १८९३ पर्यंत ते स्वतःच चारही जिल्ह्यांचे खास न्यायाधीश होते.

हे काम खुर्चीतलं नव्हे, फिरतीचं. मुक्काम आज या तालुक्याला, उद्या त्या. तंबू, बैलगाडी, सोबत कारकून आणि पेट्या. पत्नी रमाबाई या फिरतीत बरोबर असत. त्यांनी लिहिलेल्या आठवणींत ते दिवस आलेले आहेत. गावी पोचलं की कोर्टाचे निकाल तपासायचे, मुन्सफांची कामं बघायची, पंचांची आणि रजिस्ट्रारांची बुकं उघडायची. निकालात चूक दिसली तर खास न्यायाधीशाला तो फिरवता येई. एरवी अपील करायला शेतकऱ्याकडं ना पैसा, ना माहिती. इथं तपासणारा माणूसच दारात येत होता. दरवर्षी सरकारला अहवाल जाई, कुठल्या जिल्ह्यात दावे किती, मिटले किती, एकतर्फी किती. रानडे पुढं अर्थशास्त्रावर जे बोलले-लिहिले त्याला या फिरतीतल्या अनुभवाची जोड होती, असं मला वाटतं.

सगळं यशस्वी झालं असं मात्र नाही. तडजोडीचे पंच अनेक ठिकाणी कुचकामी निघाले. सावकारही हुशार. गहाणखत केलं की कोर्ट हिशेब उकलतं म्हटल्यावर त्यांनी शेतकऱ्याकडून थेट खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, खरं तर कर्ज. १८९१-९२ च्या सरकारी चौकशीत हे सगळं पुढं आलं. पुढं तडजोडीची तरतूद कायद्यातून गेली. रानडे तोवर हायकोर्टात होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानं रिकाम्या झालेल्या जागी १८९३ मध्ये त्यांची नेमणूक झाली होती. १६ जानेवारी १९०१ ला मुंबईत ते वारले.

आपल्या भागाचं काय? डहाणू, तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि ठाणे त्या चार जिल्ह्यांत नव्हता. रानड्यांची बैलगाडी तपासणीला इकडं आली नाही. इकडच्या वारल्याला लग्नासाठी थोडी रक्कम उसनी मिळे आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघंही जमीनदाराकडं राबत, हिशेब कधी संपायचाच नाही. त्याला लग्नगडी म्हणत. घरातल्या जुन्या माणसांनी या गोष्टी सांगितलेल्या अनेकांना आठवत असतील. सुप्याला लोकांनी खतं जाळली. इकडं बहुतेकांच्या हाती बघायला खतसुद्धा नव्हतं. १९४५ च्या मे महिन्यात झरीला परिषद भरली, गोदावरी परुळेकर उभ्या राहिल्या, वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडायचं ठरलं. गोदावरीबाई स्वतः कायदा शिकलेल्या, पण ते काम कोर्टात झालं नाही, रानात झालं.

आता गावचा रजिस्ट्रार नाही, तडजोडीचा पंच नाही. त्या जागी लोकअदालत आहे आणि तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यानुसार आदिवासी माणसाला, तसंच कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, कोर्टकामासाठी मोफत वकील मागता येतो. त्याचा अर्ज तालुक्याच्या कोर्टातच समितीकडं द्यायचा असतो. समन्स हातात आलं आणि वाचता येत नसेल तर तारखेची वाट न बघता ते घेऊन तिथं जावं.