कॅसलमन डिसीज: आजाराला ज्यांचं नाव मिळालं, ते डॉक्टर कोण होते?

काही गाठी कॅन्सरसारख्या दिसतात, पण कॅन्सर नसतात. हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणं, हेच डॉ. बेंजामिन कॅसलमन यांचं आयुष्यभराचं काम होतं.

१९०६ साली अमेरिकेत जन्मलेले कॅसलमन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख झाले. तिथे एक जुनी पद्धत होती. अवघड रुग्णाच्या आजाराचं निदान डॉक्टर सगळ्यांसमोर तर्काने मांडायचे आणि शेवटी पॅथॉलॉजिस्ट खरं उत्तर सांगायचा. या चर्चा वैद्यकीय नियतकालिकात छापल्या जायच्या. १९५१ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांचं संपादन कॅसलमन यांनी केलं.

१९५४ मध्ये अशाच एका चर्चेत छातीतली एक वेगळी गाठ समोर आली. १९५६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत अशा १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. थायमस ग्रंथीच्या ट्यूमरसारखी दिसणारी ही गाठ प्रत्यक्षात वाढलेली लिम्फ नोड होती. ऑपरेशन करून ती काढली की रुग्ण सहसा बरा व्हायचा. पुढे हा आजार ‘कॅसलमन डिसीज’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

१९८२ मध्ये कॅसलमन यांचं निधन झालं. त्याच वर्षी एका नव्या आजाराला ‘एड्स’ हे नाव मिळालं होतं.

त्यानंतर एचआयव्ही रुग्णांमध्ये या आजाराचं गंभीर रूप दिसू लागलं. एक नाही, अनेक लिम्फ नोड सुजलेल्या, सोबत ताप, वाढलेली प्लीहा आणि ॲनिमिया. १९९४ मध्ये एचएचव्ही-८ हा विषाणू सापडला आणि वर्षभरातच त्याचा या रूपाशी असलेला संबंध उघड झाला.

अशा रुग्णांच्या बोन मॅरोमध्ये, म्हणजे रक्तपेशी तयार होतात त्या अस्थिमज्जेत, प्लाझ्मा पेशी वाढलेल्या दिसतात. काहींमध्ये विषाणूची लागण झालेल्या पेशीही सापडतात. पण प्लाझ्मा पेशी नुसत्या एचआयव्हीमुळेही वाढतात. लक्षणंही टीबी किंवा लिम्फोमासारखीच असतात. त्यामुळे फसगत होऊ शकते आणि उपचार लांबले तर जीव जाऊ शकतो.

आज रिटक्सिमॅब आणि एचआयव्हीची औषधं यांमुळे अनेक रुग्ण वाचतात. त्यासाठी आधी निदान व्हावं लागतं. ते पक्कं होतं लिम्फ नोडच्या बायोप्सीतून, म्हणजे कॅसलमन ज्या सूक्ष्मदर्शकावर विसंबून होते, त्याच्याच आधाराने.